गाडीतला आरसा आपल्या हातानं बसवताना

आजचा विषय तळहाताएवढा आहे. गाडीत चालवणाऱ्याच्या कपाळासमोर, पुढच्या काचेच्या वरच्या बाजूला एक आडवा आरसा असतो ना, तो. तुम्ही म्हणाल, आमच्याकडं कुठं आहे गाडी? पण आता कितीतरी गटांनी माल न्यायला जुनी गाडी घेतली आहे. कुणाच्या दारात मुलाची नाहीतर जावयाची गाडी उभी असते. आणि ज्यांच्याकडं यातलं काहीच नाही, त्या आपण सगळ्याजणी वडापच्या जीपमधून तालुक्याला जातोच की. त्या जीपमध्येसुद्धा हा आरसा असतो, आणि त्याच्याबद्दल आम्हाला आज थोडं रोखठोक बोलायचं आहे. तेव्हा गाडी चालवत नसलात तरी मध्येच उठू नका.

आम्ही अकरा जणी. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करतो, आणि आठवड्यातून दोनदा सोलापूरला पोचवतो. त्यासाठी गटानं एक सेकंडहँड गाडी घेतली. आमच्यातल्या एका ताईनं रीतसर लायसन काढलं, तीच चालवते. एप्रिल महिन्यात, भर दुपारी, दुकानासमोर गाडी उन्हात उभी करून आम्ही हिशेब करायला आत गेलो. तासाभरानं बाहेर येऊन बघतो तर आरसा गळून गिअरच्या दांड्यावर पडलेला, आणि मधोमध तडा गेलेला.

गावात आल्यावर पहिलं काय झालं असेल? आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आक्का म्हणाल्या, "फुटका आरसा बरा नव्हं, आधी बाहेर टाका." दुसऱ्या दिवशी गॅरेजमधले दादा हसून म्हणाले, "मागं तर तुमची खोकी भरलेली असतात. आरसा काय करायचाय? बाजूचे दोन आहेत की." आणि आम्हाला ते पटलं, बघा! आठ दिवस आम्ही तशीच गाडी चालवली.

आधी त्या दादांच्याच बोलण्याचा विचार करू, कारण ते निम्मं खरं आहे. मागं छतापर्यंत खोकी रचली, तर आतल्या आरशात खोकीच दिसणार. तेव्हा बाजूच्या आरशांवरच चालवावं लागतं. पण बाजूच्या आरशाची काच बऱ्याच वेळा फुगीर असते, स्टीलच्या पळीच्या पाठीसारखी. पळीच्या पाठीत आपलं तोंड बघा, बारीक दिसतं आणि लांब गेल्यासारखं वाटतं. तसाच मागून येणारा ट्रक त्या फुगीर आरशात लहान आणि लांब दिसतो. असतो मात्र जवळ. म्हणूनच त्या काचेवर इंग्रजीत बारीक अक्षरांत सूचना असते, की आरशात दिसतं त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत. आतला आरसा सपाट असतो, घरातल्या आरशासारखा. मागची गाडी खरी किती जवळ आली आहे, याचा सरळ अंदाज त्यातच येतो. आम्ही यातून शिकलो ते असं, की खोकी मागच्या काचेच्या खालच्या काठापर्यंतच रचायची. एक खेप जास्त झाली तर झाली.

गंमत अशी की हा आरसा गाडीत सर्रास यायच्या आधी एका बाईनंच त्याची युक्ती लिहून ठेवली होती. इंग्लंडमध्ये डोरोथी लेविट नावाची एक बाई मोटारीच्या शर्यतीत उतरायची. तिनं 1909 साली खास बायकांसाठी गाडी चालवण्याचं पुस्तक लिहिलं. त्यात तिनं सांगितलं, की गाडीत हाताशी एक छोटा आरसा ठेवा, आणि गर्दीतून जाताना तो मधूनमधून वर धरून मागचं बघा. त्यानंतर दोन वर्षांनी, 1911 मध्ये, अमेरिकेत इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून हा चालक गाडीला आरसा लावून उतरला. बाकीच्यांच्या शेजारी मागचं बघून सांगायला एकेक माणूस बसलेला, हा एकटाच. आणि शर्यत त्यानंच जिंकली. सांगायचं काय, तर बाईच्या पर्समधला आरसा आणि गाडीतला आरसा ही काही लांबची नाती नाहीत.

आता आपल्या पडलेल्या आरशाकडं येऊ.

हा आरसा बसवायच्या दोन तऱ्हा आहेत. काही गाड्यांत तो छताच्या पुढच्या कडेला स्क्रूनं बसवलेला असतो. तसा असेल तर काम सोपं. प्लास्टिकचं झाकण अलगद काढायचं, आतले स्क्रू सोडवायचे, नवा आरसा त्याच भोकांवर धरून स्क्रू आवळायचे, झालं. दुसऱ्या तऱ्हेत पुढच्या काचेवरच नाण्याएवढं एक धातूचं बटण चिकटवलेलं असतं, आणि आरशाची दांडी त्या बटणावर सरकवून बारक्या स्क्रूनं नाहीतर खटक्यानं अडकवलेली असते. आमची गाडी या दुसऱ्या जातीची.

हे बटण सुटतं कशानं? एक तर उन्हानं. आपल्याकडं एप्रिल-मे महिन्यात बाहेरच पारा चाळीसच्या वर, मग बंद गाडीच्या काचेला काय चटका बसत असेल! गोंद ढिला पडतो. त्यात काच आणि धातू उन्हानं सारखे फुगत नाहीत. धातू जास्त फुगतो, काच कमी, आणि रात्री दोन्ही परत आकसतात. रोज ही ओढाताण मधल्या गोंदानं सोसायची. दुसरं कारण आमचंच. आरशाला आम्ही एक माळ, एक छोटी घंटी आणि आक्कांनी दिलेलं लिंबू-मिरची एवढं सगळं टांगलं होतं. आपल्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला त्या वजनाचा हिसका बटणाला बसणार. शिवाय हलणारी माळ डोळ्यापुढं आली, की बाजूनं येणारी सायकल तिच्याआड जाते. आता लिंबू-मिरची बाहेर बंपरला बांधतो. आक्कांची काही तक्रार नाही.

पहिल्यांदा आम्ही काय चूक केली तेही सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. घरात पाच रुपयांची झटपट गोंदाची नळी होती. तडा गेलेलाच आरसा तिनं चिकटवला. चिकटला की! आम्ही टाळ्या पिटल्या. तिसऱ्या दिवशी, गाडी चालू असताना, तो ताईच्या मांडीवर पडला. ती घाबरली, गाडी थोडी रस्त्याच्या खाली गेली. नशीब की समोरून कोणी येत नव्हतं. तो झटपट गोंद वाळला की कडक आणि ठिसूळ होतो. बांगडी जशी कडक असते, पण वाकत नाही, सरळ पिचते, तसा. धक्के आणि ऊन हे दोन्ही त्याला सोसत नाही. एका वहिनींनी सुचवलं होतं, की पाण्याची टाकी बुजवतात तसला दोन भाग कालवायचा लगदा लावू. तोही नको. तो काचेला इतका घट्ट आणि ताठ धरतो, की ऊन-थंडीच्या ओढाताणीत काचेलाच चीर जाऊ शकते. आरशाच्या नादात पुढची काच गेली तर केवढ्याला पडेल!

स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचा आरसा चिकटवायचा खास गोंद मिळतो. तसाच मागायचा. छोटं पाकीट असतं, त्यात दोन वस्तू असतात, एक पातळ द्रव आणि एक गोंदाची पुडी. दुकानात जाताना जुना आरसा बटणासकट पिशवीत घालून न्या, आणि गाडीचं नाव, मॉडेल आणि साल कागदावर लिहून न्या. दांडी आणि बटणाचा मेळ बसला नाही तर नवा आरसा काही कामाचा नाही. दुकानातच बटण दांडीत घालून बघायचं. साडीवर ब्लाऊजपीस लावून बघतो तसंच, लाजायचं नाही.

थांबा, दोन गोष्टी घाईनं सांगून टाकतो. तुमच्या आरशाला वायर जोडलेली असेल, किंवा त्याच्या मागं काचेला लागून कॅमेऱ्याचा डबा असेल, तर घरी हात लावू नका. ते काम गॅरेजचं. आणि बटण सुटताना काचेचा टवका निघाला असेल, तरीही गॅरेजलाच दाखवा.

आता प्रत्यक्ष काम. आम्ही ते संध्याकाळी केलं, सावलीत, काच निवल्यावर. भर उन्हात तापलेल्या काचेवर किंवा पावसाळी ओलसर हवेत हे काम करू नये. किल्ली काढायची, हँडब्रेक ओढायचा, दारं उघडी ठेवायची म्हणजे गोंदाचा वास कोंडत नाही. लहान पोरांना लांब ठेवा, ब्लेड आणि गोंद दोन्ही त्यांच्या हाताला लागायला नकोत.

काचेवर जुन्या गोंदाचा डाग दिसतोच. तो खरडायच्या आधी त्याची जागा काचेच्या बाहेरून नोंदवून ठेवायची. नाहीतर आतून डाग साफ झाल्यावर बटण नेमकं कुठं होतं हे कळायचं नाही, आणि मग आरसा वाकड्या कुंकवासारखा बसतो. गॅरेजवाले मार्करनं खूण करतात. आमच्याकडं मार्कर नव्हता. एकीनं पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं आणि बाहेरून बरोबर डागासमोर एक मोठी टिकली लावली. एवढी चांगली खूण दुसरी नाही, पुसत नाही आणि नंतर नखानं निघते.

मग आतला जुना गोंद दाढीच्या नव्या ब्लेडनं काढायचा. ब्लेड काचेवर जवळजवळ आडवं धरायचं, उभं धरलं तर काचेवर ओरखडे उठतात. सावकाश, एकाच बाजूला खरडत जायचं. जुनंच बटण वापरणार असाल तर त्याच्या पाठीवरचा गोंदही पॉलिश पेपरनं घासून धातू स्वच्छ करायचा.

आता पुसणं. मैत्रिणींनो, या कामात सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. पीठ मळताना हाताला जरासं तेल असलं तर हाताला पीठ चिकटत नाही, ठाऊक आहे ना? तसंच इथं. काच आणि बटण दोन्ही दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी पुसतात त्या स्पिरिटनं, स्वच्छ कापडानं पुसायचे. रॉकेल नको, साबणाचं पाणी नको, पदर तर मुळीच नको, कारण पदराला तेल-तिखट असतंच. पुसून झालं की त्या जागेला बोट लावायचं नाही. बोटाचा घामसुद्धा गोंदाला आडवा येतो. आमच्या ताईनं तीनदा पुसलं, कारण दर वेळी कोणीतरी "बघू बघू" म्हणून बोट लावायचं!

गोंद लावायच्या आधी एकदा कोरडी तालीम करा. बटणाची वरची बाजू कुठली, खालची कुठली, काचेकडची पाठ कुठली, हे दांडीत घालून पक्कं करा. उलटं चिकटलं तर परत पहिल्यापासून. मग पाकिटावर लिहिलंय तसं करायचं. आमच्या पाकिटावर असं होतं, की पातळ द्रव बटणाच्या पाठीला आणि काचेला लावायचा, काही मिनिटं वाळू द्यायचा, मग बटणाला गोंदाचा एक थेंब. एकच! जास्त गोंद लावला म्हणजे जास्त पक्कं बसतं असं नाही, उलट तो बाजूनं ओघळतो. टिकलीसमोर बटण धरून अंगठ्यानं दाबायचं आणि मिनिटभर तसंच धरायचं, अजिबात न हलवता. आम्ही मोठ्यानं साठपर्यंत आकडे मोजले. गोंद बोटाला लागला तर ओढाओढ न करता कोमट साबणाच्या पाण्यात हात भिजवा. डोळ्यात गेला तर पाण्यानं धुवत धुवत लगेच दवाखाना गाठा.

आणि मग वाट बघायची. पंधरा-वीस मिनिटांत बटण घट्ट वाटतं, पण लगेच आरशाचं वजन टाकू नका. आम्ही रात्रभर गाडी तशीच ठेवली, दह्याला विरजण लावून ठेवतो तशी. सकाळी आरसा बटणावर सरकवला आणि एल आकाराच्या बारक्या पान्यानं स्क्रू आवळला. इथंही एक सांगून ठेवतो. घट्ट बसला की थांबायचं. अजून एक फेरा, अजून एक फेरा असं केलं, तर स्क्रूचं टोक काचेवर दाबतं आणि काच तडकू शकते.

आरसा बसला, पण काम झालं नाही. आता तो लावायचा. ज्या बाईला गाडी चालवायची आहे तिनं आधी सीट आणि पाठ नीट करून, रोज बसते तशी बसायचं. आमची ताई उंचीनं कमी आहे, ती खाली उशी घेते. तर उशी घेऊनच बसायचं. मग आरशाची कड दोन बोटांत धरून तो असा फिरवायचा, की डोकं न हलवता फक्त नजर वर केली की मागची अख्खी काच आरशात दिसावी. दुसरं कोणी चालवायला बसलं की परत लावायचा, आणि गाडी उभी असतानाच लावायचा.

आरशाच्या खालच्या कडेला एक छोटा खटका असतो, तो कशाला असतो हे आम्हाला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. तो रात्रीसाठी आहे. मागच्या गाडीचा मोठा दिवा आरशातून डोळ्यावर आला की समोरचं काही दिसत नाही. तेव्हा तो खटका ओढायचा, उजेड एकदम मंद होतो. यात यंत्र-बिंत्र काही नाही. ही काच वरून खाली सारख्या जाडीची नसते, पाचरीसारखी असते. तिच्या पाठीला चकचकीत मुलामा असतो, तो जवळजवळ सगळा उजेड परत फेकतो. पण काचेची पुढची साधी बाजूही थोडा उजेड परत फेकते, शंभरातले चारेक भाग. खटका ओढला की मुलाम्याचा झगझगीत उजेड छताकडं जातो आणि आपल्या डोळ्याला फक्त ते चार भाग येतात. मागचे दिवे दिसतात, पण टोचत नाहीत. सकाळी खटका परत सरळ करायला विसरू नका.

आता वडापच्या जीपचं. आरशाचा एक साधा नियम आहे. आरशात तुम्हाला चालवणाऱ्याचे डोळे दिसत असतील, तर त्याला तुमचे डोळे दिसत असतात. उजेड ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं परत येतो. मधल्या सीटवर बसलेल्या बाईचं डोकं आरशात थोडंफार येणारच, त्यात चालवणाऱ्याचा दोष नाही, त्याला मागची काच बघायची असते. पण आरसा खाली वाकवलेला असेल, कोपऱ्यात बसलेल्या मुलीला पूर्ण रस्ताभर त्याचेच डोळे दिसत असतील, तर तो आरसा रस्त्यासाठी लावलेला नाही. कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुली हे घरी सांगत नाहीत. सांगितलं तर कॉलेज बंद होईल ही भीती. आमच्याच गटातल्या दोघींच्या मुलींनी हे सांगितलं ते आरसा बसवताना, गाडीत बसून, सहज. आम्ही गप्प झालो. कारण आमच्यातल्या कितीतरी जणींनी हे सोसलं होतं, आणि कुणीच कुणाला बोललो नव्हतो.

आता आम्ही जीपमध्ये बसलो की मोठ्यानं म्हणतो, "दादा, आरसा मागच्या काचेवर करा, मागनं गाडी येतीय." भांडण नाही, शिवी नाही. चारचौघांत म्हटलं की बहुतेक वेळा हात वर जातो आणि आरसा फिरतो. मुलींनाही हेच वाक्य शिकवलं आहे. आणि त्यानंही कोणी ऐकलं नाही, त्रास वाढला, तर 112 नंबर आहेच. मुलीचं शिकणं थांबवायचं नाही, आरसा फिरवायचा.

शेवटी ज्या गोष्टीमुळं आम्ही हे सगळं करायला उठलो ती सांगतो. आरसा नव्हता त्या आठ दिवसांतली आहे. सकाळी ताई अंगणातून गाडी मागं घेत होती. शेजारच्या काकू भांडी घासता घासता अशा ओरडल्या, की ताईनं पाय ब्रेकवर उभाच केला. मागच्या चाकापासून हातभर अंतरावर दीड वर्षाचं पोर मातीत बसून डबा वाजवत होतं. आम्ही सगळ्या म्हणालो, आरसा नव्हता म्हणून. आणि दुसऱ्याच दिवशी नवा आरसा आणला.

पण आरसा बसवून झाल्यावर आमच्यातल्या एकीनं त्याच जागी, गाडीच्या मागं, तोच डबा ठेवला आणि ताईला आत बसायला सांगितलं. आरशात आकाश दिसलं, शेजारच्यांची भिंत दिसली, लिंबाचं झाड दिसलं. डबा नाही दिसला. बाजूच्या आरशातही नाही. मग एक घागर ठेवली, तीही नाही. मागच्या काचेच्या खालचं काहीच या आरशात येत नाही, तो कितीही चांगला बसवला तरी.

म्हणून आता गाडी मागं घ्यायच्या आधी एक जण खाली उतरून गाडीभोवती पूर्ण फेरी मारते, आणि मागं उभी राहून हाक देते, तोवर ताई गिअर टाकत नाही. काकूंनी तर स्वतःहून हे काम घेतलंय.

खर्चाचं बऱ्याच जणी विचारतात. आमच्या वहीत आरसा साडेचारशे, गोंदाचं पाकीट एकशे ऐंशी, ब्लेड आणि स्पिरिट मिळून पन्नासच्या आत, असं लिहिलं आहे. टिकली कुणाच्या नावावर टाकायची यावर खजिनदार अजून विचार करतेय.